परतीची सीट अजून तिच्या नावावर होती

नोकरीत हजारो माणसं समोर येऊन बसली. त्यांतली बहुतेक आता विसरलो आहे. पण सिंदी मेघेची एक अंगणवाडी सेविका आणि तिची सेलूला राहणारी धाकटी बहीण, या दोघींची केस मला अजून वारानिशी सांगता येते. नावं कुणाचीच देत नाही. त्यांच्या घरची माणसं आजही इथंच राहतात, बाजारात भेटतात. ज्यांची चूक नव्हती त्यांची नावं चारचौघांत घ्यायची नसतात, ही सवय मी निवृत्तीनंतरही सोडलेली नाही.

मी तेव्हा वर्धा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती. सोमवारची सकाळ होती. सोमवारी ठाण्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. हजेरी, आठवड्याच्या बंदोबस्ताची वाटणी, कोर्टाचे समन्स, सुट्टीत साचलेले अर्ज. त्या गर्दीत ही सेविका आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, आणि कागदांना क्रमानं टाचण्या लावलेल्या. अंगणवाडीची रजिस्टरं लिहिणाऱ्या बाईचा हात लगेच ओळखू येतो.

"साहेब, माही बहीण बाहेरदेशी गेली," ती म्हणाली. "शिवणकामाच्या दुकानात काम आहे म्हणून नेलं. अन् तिथं तिले एका घरात भांडे घासायले ठेवलं."

"फोन येतो तिचा?"

"दर शुक्रवारी येते. दोन मिनिटं. बाजूले कोणीतरी उभं राह्यते. 'बरी आहो' म्हणते. पण ती बरी नाई."

"कशावरून म्हणता?"

"बहीण आहे माही. आवाजावरून समजते."

मी कागद पाहिले. बहीण विधवा होती, सेलूला घरीच ब्लाउज, फ्रॉक शिवून पोट भरत होती. सातवीतली एक मुलगी. पासपोर्टची प्रत होती, पर्यटक म्हणून मिळालेला आखाती देशाचा व्हिसा होता, 'मी राजीखुशीनं जात आहे' असं स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं होतं. आणि सगळ्यांत वर विमानाचं तिकीट, जाण्यायेण्याचं. परतीची तारीख पुढच्या बुधवारची. म्हणजे नऊ दिवसांवर.

मी तिला म्हणालो, "ताई, परतीचं तिकीट आहे की. बुधवारी येईल. आली नाही तर लगेच या, मी स्वतः तक्रार घेतो."

ती जागची हलली नाही. "महिन्याभरात येणारी बाई पोरीची शाळा बदलून जाते का साहेब? सेलूच्या शाळेतून दाखला काढला अन् पोरीले इकडं माया घरी ठेवून गेली. दोन वर्षांसाठी गेलती ती. मंग तिकीट दोन्हीकडचं काऊन काढलं?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि पुढचा अर्ज हातात घेतला. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही. त्यातही एक गोष्ट सांगायला हवी. तिच्या बहिणीला परदेशी पाठवणारा एजंट माझ्या ओळखीचा होता. शहरात त्याचं ऑफिस होतं. मिरवणुकांच्या बंदोबस्तात तो आमच्या माणसांना थंड ताक पाठवायचा. मीही ते प्यायलो होतो. ओळखीचा माणूस गुन्हेगार असेल हे मनाला पटायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाचा तरी जीव खातो.

मंगळवारी हजेरी सुटायच्या आत ती पुन्हा दारात उभी होती. रात्रभरात तिनं ओळखीच्या सेविकांना फोन केले होते. "समुद्रपूरकडची एक बाई," तिनं एक चिठ्ठी पुढं केली, "याच एजंटकडून आठ महिने झाले गेली. तिचंही तिकीट दोन्हीकडचं होतं. ती अजून नाई आली."

या वेळी मी चिठ्ठी घेतली. आमच्याकडे एक महिला हवालदार होत्या, वीस वर्षांच्या नोकरीच्या. कमी बोलायच्या, पण बायका त्यांच्याजवळ मन मोकळं करायच्या. त्यांना म्हटलं, चिठ्ठीतल्या बाईच्या घरी जाऊन या, पण वर्दी नको, साध्या साडीत जा, एसटीनंच जा. पोलिसांची गाडी दारात लागली की गावात आधी शेजारी गोळा होतात आणि मग घरचे तोंड मिटून घेतात.

संध्याकाळी हवालदार परत आल्या आणि त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्या बाईच्या आईनं लेकीच्या तिकिटाची प्रत लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी टांगली होती. परतीची तारीख उलटून सात महिने होऊन गेले होते. म्हातारी हवालदारांना म्हणाली होती, "तारीख पुढं गेली असन. तिकीट तर आहे ना तिच्यापाशी."

मी फोटोतलं तिकीट आणि सेलूच्या बाईचं तिकीट शेजारी शेजारी ठेवलं. दोन्हींवर बुकिंगच्या एकाच दुकानाचा शिक्का होता. त्याच संध्याकाळी सेविकेची फिर्याद लिहून घेतली आणि गुन्हा दाखल केला.

बुधवारी सकाळी त्या दुकानात गेलो. बसस्थानकाजवळचं लहानसं दुकान. झेरॉक्स, फॉर्म भरणं, रेल्वे आणि विमानाची तिकिटं. मालक व्यापारी घराण्यातला, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. घाबरला, पण लपवाछपवी केली नाही. कॉम्प्युटर आमच्याकडे वळवून त्यानं सगळी बुकिंगं दाखवली. दीड वर्षात एजंटनं नऊ बायकांची तिकिटं काढली होती. नऊच्या नऊ जाण्यायेण्याची.

"एकेरी का नाही काढली?" मी विचारलं.

"साहेब, फिरायच्या व्हिसावर जाणाऱ्याजवळ परतीचं तिकीट नसलं तर विमानतळावरच अडवते. दाखवायले लागते. अन् कधीकधी तर दोन्हीकडचं एकेरीपेक्षा सस्तं पडते. लोकं घेते आणि परतीचं सोडून देते. माया धंद्यात ते नवीन नाई. मले वाटलं, याचंही तसंच असन."

"परतीचं कोणी वापरलं यातलं?"

त्यानं यादी वरून खालपर्यंत पाहिली. "कोणीच नाई. त्यानं परतीच्या सीटा कॅन्सल करून घेतल्या. बाई गेली की दोन दिवसांत त्याचा मेसेज येते, परतीचं रद्द करा म्हणून."

"सगळ्यांच्या?"

"आठ जणींच्या." मग त्यानं चष्मा खाली घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ही शेवटची, सेलूवाली. हिच्या टाइमले त्यानं सगळ्यात सस्तं तिकीट मागतलं होतं. त्यात रद्द केल्यावर काही वापस भेटत नाई. म्हणून त्यानं तसंच राहू देलं." मग आमच्याकडे वळला. "साहेब, जायचं विमान चुकवलं तर परतीचं आपोआप रद्द होते. पण जो गेला, त्याची परतीची सीट शेवटपर्यंत त्याच्या नावावर राह्यते. बुधवारची हिची सीट चालू आहे."

हवालदार माझ्याकडे पाहत होत्या. दोघांच्याही मनात एकच आलं असावं. एक बाई नुसती दाखवायला काढलेल्या तिकिटावर खरोखर परत येऊ शकत होती. सात दिवस हातात होते. पासपोर्ट तिच्याजवळ नसणार, ती बंद घरात, आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुपारी एजंटला ठाण्यात आणलं. चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं. बसताबसता म्हणाला, "साहेब, तुम्ही मले ओळखता. पेपर सारे क्लिअर आहे." माझा अनुभव असा, की निर्दोष माणूस आधी काय झालं ते विचारतो. हा आधी कागदांबद्दल बोलला.

मी त्याला शिवणकामाच्या दुकानाबद्दल विचारत गेलो. दुकान कुठं, मशिनी किती, कपडा कुठला, मालक कोण. त्याला सगळं पाठ होतं. हे प्रश्न त्याला घरच्यांनी आधी विचारलेलेच होते. तासभर गेला. मग भिंतीशी उभ्या असलेल्या हवालदारांनी सहज विचारलं, "त्या बाया जेवतात कुठं? अन् झोपतात कुठं?"

तो पुन्हा मशिनींचा आकडा सांगायला लागला. हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नव्हता आणि त्यानं स्वतःलाही कधी विचारला नसावा.

मी नऊ नावांची यादी त्याच्यापुढं ठेवली. "यातली परतीच्या विमानात कोण बसली?"

"त्यांनी तिकडं मुदत वाढवून घेतली साहेब."

"मग त्या तिकडं पोचून दोन दिवस झाले नाहीत, तोवर त्यांच्या सीट रद्द करा असा मेसेज तुझ्या फोनवरून कसा गेला? त्या परत येणार नाहीत हे तुला दुसऱ्या दिवशी कोणी सांगितलं?"

दुकानदाराकडून घेतलेल्या आठही मेसेजच्या प्रती एकेक करून टेबलावर ठेवल्या. चौथ्या कागदावर त्यानं पाणी मागितलं. आठव्यानंतर तो बोलायला लागला, आणि संध्याकाळपर्यंत बोलत होता. तिथं एक दलाल होता, तो बायकांना घराघरांत कामाला लावायचा आणि पासपोर्ट जिच्या तिच्या घरमालकाच्या ताब्यात द्यायचा. तिकडच्या विमानतळावर तपासणी झाली की परतीचा कागद फाडून टाका, असं हा प्रत्येकीला बजावून पाठवायचा. सेलूच्या बाईचा पत्ता त्याच्या मोबाइलमध्ये मिळाला. परवाना नसताना परदेशी भरती, फसवणूक आणि मानवी तस्करी, अशी कलमं लावून त्याला अटक केली.

गुरुवारी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून आपल्या दूतावासाला पत्र गेलं. सोबत पत्ता, पासपोर्टचा क्रमांक, फिर्यादीची प्रत, आणि बुधवारच्या तिकिटाची प्रत. मग एक साधी अडचण समोर आली. तिकडं आठवडी सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आपल्याकडे रविवारची. तीन दिवस कोणी कोणाला सापडेना. खून, दरोडे पाहिलेल्या माणसाला सरकारी सुट्टीनं असं हैराण करावं, हे तोवर माहीत नव्हतं.

मधल्या शुक्रवारी मात्र तिचा फोन येणार होता. एजंटच्या सांगण्यानुसार बाजूला उभा राहणारा दलालाचा माणूस हिंदी जाणणारा होता, त्यामुळे उघड बोलून चालणार नव्हतं. मी सेविकेसाठी काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं. सिंदी मेघेतल्या तिच्या घरात आम्ही तिघं फोनभोवती बसलो. तिनं माझा कागद वाचला आणि घडी करून परत दिला. "मी बोलतो माया हिशोबानं," म्हणाली. आमच्याकडे बाया स्वतःबद्दल 'बोलतो, जातो' असंच म्हणतात. तिच्या त्या 'बोलतो'त ठामपणा होता.

फोन वाजला. मुलगी शाळेत आहे, बरी आहे, हे आधी सांगून झालं. मग सेविका म्हणाली, "तुयापाशी एक मापाचा कागद होता नं, जातानाचा? तो आहे का फेकला?"

पलीकडून बारीक आवाज आला, "आहे ताई. फाडायले सांगतलं होतं. मी अस्तरात शिवून ठेवला."

"मंग त्यावर जो दिवस लिहेला आहे, त्याच दिवशी ब्लाउज द्याचा आहे. मागंपुढं नाई. तोवर तिथंच राहा, घाई करू नको. आपली मोठी माणसं भेटायले येतील. त्यांच्यासंगं येजो."

"ताई..."

"रडू नको. माप समजलं नं?"

"समजलं."

फोन कट झाला. सेविका उठून आत गेली आणि चहा टाकला. आम्ही बाहेर बसून राहिलो. हवालदार पदरानं डोळे टिपत होत्या आणि मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होतो.

दूतावासाचं उत्तर सोमवारी आलं. तिथला अधिकारी तरुण होता, फोनवर नीट बोलला. त्यानं थेट त्या घरी फोन लावला होता. घरमालकानं आधी हात झटकले. दलालाला आपण बाईसाठी रक्कम दिली आहे, ती भरून मिळाल्याशिवाय सोडणार नाही, म्हणाला. पर्यटक व्हिसावरची बाई घरकामाला ठेवणं तिथल्या कायद्यात काय ठरतं, हे या अधिकाऱ्यानं त्याला शांतपणे समजावलं. तरी तो विचार करतो म्हणाला. पुढचं आम्हाला नंतर तिच्याच तोंडून कळलं. त्या घरात मालकाची म्हातारी आई होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण हिनं म्हातारीचे दोन झगे उसवून मापात बसवून दिले होते, आणि तेव्हापासून म्हातारी हिला जेवताना जवळ बसवायची. मुलाचं फोनवरचं बोलणं म्हातारीनं ऐकलं. मंगळवारी सकाळी तिनं स्वतः कपाटातून पासपोर्ट काढून आणला आणि मुलासमोर हिच्या हातात ठेवला. दुपारी दूतावासाची गाडी दारात गेली.

बुधवारी आम्ही नागपूर विमानतळावर उभे होतो. ती मुंबईला उतरून पुढच्या विमानानं दुपारी येणार होती. सेविका, हवालदार आणि मी. मुलीला काहीच सांगितलेलं नव्हतं. "नाईच आली तर पोरीले काय सांगू," सेविका म्हणाली होती. माणसं बाहेर येत गेली. फुलांचे हार, रडणारी बाळं, ट्रॉल्या. गर्दी पांगली. दार दोनदा उघडून रिकामंच मिटलं. मी मोबाइलवर मुंबई विमानतळाचा नंबर शोधू लागलो, तेवढ्यात सेविकेनं माझा हात धरला.

एक लहानखुरी बाई खांद्याला पिशवी अडकवून येत होती. सामान नव्हतंच. बहिणीजवळ आली आणि पहिलं वाक्य बोलली, "पोरीचे पेपर झाले का?"

परतीच्या वाटेवर तिनं फार काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. जबाब दुसऱ्या दिवशी घेता येतो. सिंदी मेघेला पोचलो तेव्हा शाळा सुटायची होती. ती म्हणाली, मी फाटकापाशी उभी राहतो. हवालदारांनी गाडी झाडाखाली लावायला सांगितली. मुलं बाहेर पडू लागली. मी गाडीतच बसून होतो. मुलीनं आईला पाहिलं आणि दप्तर तिथंच रस्त्यावर टाकून दिलं. ते उचलायला नंतर सेविका गेली.

तिच्या जबाबावर केस उभी राहिली. नऊ जणींपैकी परतीच्या सीटवर बसून आलेली ती पहिली आणि एकटीच. त्या जबाबात तिनं दलालाचं ठिकाण सांगितलं, त्यावरून दूतावासाला बाकीच्यांचे पत्ते काढता आले. पुढच्या वर्षभरात सहा जणी घरी आल्या, त्यांत समुद्रपूरकडची बाईही होती. एकीनं तिथंच रीतसर कागद करून राहायचं ठरवलं, तिचा तिच्या आईशी रोज फोन असतो. एकीचा पत्ता मी निवृत्त होईपर्यंत लागला नव्हता. त्या फाइलवर माझ्यानंतरचे अधिकारी काम करत आहेत, आणि हवालदार अजून मला त्याबद्दल सांगायला येतात. एजंट सध्या कोर्टाच्या तारखा मोजतो आहे.

निवृत्तीनंतर वर्षानं सेलूची बाई माझ्या घरी आली. सोबत बहीण, आणि बहिणीचा चेहरा उतरलेला. "पाहा साहेब, ही पुन्हा जातो म्हणते," सेविका म्हणाली. "समजावा हिले."

तिनं कागद पुढं केले. कपड्यांच्या कारखान्यातलं काम, परवानाधारक एजन्सी, कामाचा करार, कामगाराचा व्हिसा. "मले शिवायचं आहे साहेब," ती म्हणाली. "मागच्या टाइमले मी शिवायलेच गेलतो. ते राहूनच गेलं."

मला भीती वाटली, हे खोटं कशाला सांगू. 'जाऊ नको' म्हणणं सगळ्यांत सोपं होतं, आणि माझ्या वयाच्या माणसाच्या तोंडी ते शोभलंही असतं. मी कागद तीनदा वाचले. एजन्सीचा परवाना तपासला, कारखान्यात काम केलेल्या दोन बायकांशी फोनवर बोललो, आणि त्यांना हवालदारांचाच प्रश्न विचारला, जेवता कुठं आणि झोपता कुठं. उत्तरं लगेच आली, त्यांत एकीनं मेसच्या भाजीला नावंही ठेवली. ते ऐकून माझी खात्री पटली.

मी तिला म्हणालो, "जा."

ती गेली. या वेळी तिकीट एकेरीच होतं. दर वर्षी सुट्टीत ती येते, मुलगी आता कॉलेजात आहे. सेविकेनं तिच्या अंगणवाडीत एक पद्धत पाडली आहे. बाहेरदेशी निघालेल्या बाया आधी तिच्याकडे कागद घेऊन बसतात, तिला शंका आली की मला फोन येतो. आम्ही काही जणींना थांबवलं, बऱ्याच जणींना जाऊ दिलं.

तीस वर्षांच्या नोकरीत हरवलेलं माणूस घरी आणून पोचवणं हे मी पोलिसाचं मोठं काम समजत आलो. ते आहेच. पण त्या सोमवारी एका बाईनं विचारलेला साधा प्रश्न मी कागदाच्या भरवशावर टोलवला होता, आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली म्हणूनच पुढचं सगळं घडलं. आपल्या माणसाला निर्धास्तपणे घराबाहेर पडता यावं, यासाठीही कोणीतरी ठाण्यात नीट ऐकून घेणारं बसलेलं असावं लागतं. नव्या भरतीच्या मुलामुलींसमोर बोलायला बोलावतात तेव्हा मी त्यांना ही केस सांगतो, आणि माझी चूक आधी सांगतो.